कंपन्यांचा विकासनिधी उसाच्या फडापर्यंत येतो, बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यापर्यंत का पोहोचत नाही?

(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याने घेतलेले नाव आहे.)

माळरान

शीतपेये, बिस्किटे आणि मिठाई तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हल्ली एक प्रकरण ठरलेले असते: ज्या भागातून आमचा कच्चा माल येतो, त्या भागाच्या विकासासाठी आम्ही काय केले. ठिबक सिंचनाची प्रात्यक्षिके, माती परीक्षण, शाळेची रंगरंगोटी, महिलांचे बचतगट असा मजकूर त्यात असतो आणि तो खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. साखरेपुरते बोलायचे तर माझा आक्षेप वेगळा आहे. हा विकास ऊस जिथे पिकतो तिथे होतो; ऊस तोडणारी माणसे ज्या गावांतून येतात तिथे तो जात नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि नगरचा (आता अहिल्यानगर) कालव्याखालचा पट्टा कंपन्यांच्या नकाशावर आहे. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार किंवा नगर जिल्ह्यातील पाथर्डी हे तालुके त्या नकाशावर नाहीत, आणि तिथून दसरा-दिवाळीनंतर माणसे निघालीच नाहीत तर राज्यातल्या बहुतेक कारखान्यांची गव्हाण (गाळपासाठी ऊस टाकायची जागा) रिकामी राहील.

याचे कारण कारखान्याच्या दप्तरात आहे. उसाची नोंद शेतकऱ्याच्या नावाने होते. गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र हे सारे लिहिलेले असते आणि बिल त्याच्याच खात्यावर जमा होते. तोडणीचा करार मात्र कारखाना वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी (मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराशी) करतो, उचल म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम त्याच्या हाती देतो आणि मुकादम ती पुढे कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातल्या बायकोचे नाव उचलीच्या हिशेबात स्वतंत्रपणे कुठेच येत नाही. त्यामुळे साखर विकत घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस कारखान्यात आला, तर त्याला पुरवठादार म्हणून शेतकरी दिसतो, कामगार म्हणून हजेरीपटावरचे फिटर, पॅनमन आणि केमिस्ट दिसतात, आणि ज्यांनी ऊस तोडून मोळ्या बांधून गाडीत भरला ते दोन्हींपैकी कोणत्याच रकान्यात नसतात.

ही त्रुटी बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आणलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. माल पुरवणाऱ्या समाजाच्या विकासाचे भारतातील फार मोठे उदाहरण आपल्याच सहकारी कारखान्यांनी घालून दिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरेच्या कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम घेतला आणि पुढे त्याच परिसरात शाळा, महाविद्यालये, रुग्णालय उभे राहिले. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणेने कारखान्याबरोबर दूधसंघ, ग्राहक भांडार आणि मुलांचा वाद्यवृंदसुद्धा उभा केला. सभासदांच्या ऊस बिलातून टनामागे होणाऱ्या कपातीवर हे झाले, म्हणजे दान म्हणून नव्हे तर उत्पादकांच्या स्वतःच्या पैशातून झाले, आणि म्हणूनच ते टिकले. परंतु त्या विकासाची हद्द कारखान्याच्या कार्यक्षेत्रापाशी संपत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून तोडणीला येणाऱ्यांचा ओघ वाढत गेला, कारखान्यांची संख्या वाढत गेली, आणि हद्द मात्र तिथेच राहिली.

याचे परिणाम कोणत्या थराला गेले ते २०१९ मध्ये जगाला कळले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचे. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांनी कर्ज, बालविवाह आणि या शस्त्रक्रिया यांचा धागा थेट कोका-कोला आणि पेप्सिको यांना साखर पुरवणाऱ्या महाराष्ट्रातील कारखान्यांपर्यंत नेला. त्यानंतर बैठका झाल्या, निवेदने निघाली.

पैशाचा हिशेब मी माझ्यापुरता मांडून पाहिला. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते, म्हणजे एका किलोमागे तोडणीचे साडेतीन-पावणेचार रुपये पडतात. शीतपेयाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते. तेव्हा त्या बाटलीच्या किमतीत ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा वाटा सुमारे अकरा पैसे. टनाला आणखी शंभर रुपये द्यायचे ठरवले तर बाटलीमागे तीन पैसे वाढतील. तीन पैशांची वाढ ज्या कंपनीला जाणवणारही नाही, ती शाळा रंगवते, माती तपासून देते, पण हे तीन पैसे तिच्या चर्चेतही येत नाहीत, असे का, हा माझा प्रश्न आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावे.

नाचणी

मी काही वर्षे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामात, म्हणजे सीएसआर विभागात आहे, त्यामुळे 'असे का' याचे कायदेशीर उत्तर देऊ शकते.

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ अन्वये ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक जरी अट पूर्ण होत असेल, तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, कंपनीने आपण जिथे काम करतो त्या स्थानिक भागाला आणि आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्यावे. व्यवहारात याचा अर्थ बाटलीबंद करण्याच्या प्रकल्पाभोवतीची पाच-दहा गावे असा होतो. बहुतेक वेळा साखर कारखानासुद्धा त्यात येत नाही, मग ज्या गावात कंपनीचा ना कारखाना ना गोदाम ते धारूरचे गाव कुठून येणार?

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. व्यवसायाच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग असलेला खर्च सीएसआर म्हणून धरता येत नाही. साखरेला टनामागे जादा भाव दिला तर तो खरेदीचा खर्च होतो, दोन टक्क्यांत बसत नाही. म्हणजे आपण म्हणता ते तीन पैसे खरेदी विभागाच्या खिशातून जायला हवेत, आणि खरेदी विभागाच्या अधिकाऱ्याची बढती साखर किती स्वस्तात मिळवली यावर ठरते. मी पाहिलेल्या कंपन्यांत हे दोन विभाग एकमेकांच्या बैठकीला बसत नाहीत. एक विभाग कारखान्याशी भावात घासाघीस करतो आणि दुसरा त्याच कारखान्याच्या परिसरात आरोग्य शिबिर घेतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सहकारी कारखाने सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेले असल्यामुळे त्यांना कलम १३५ लागूच होत नाही. खासगी कारखान्यांना लागू होते, पण तेही कार्यक्षेत्राच्या बाहेर क्वचितच जातात.

कृष्णाकाठ

माळरान यांचा हिशेब वाचला. मी ऊस उत्पादक आहे आणि मला त्यात एक मोठी फट दिसते. तोडणीचा दर वाढवा असे म्हणताना तो पैसा कोणाच्या पदरातून जातो, याचा उल्लेखच नाही.

केंद्र सरकार उसाची जी एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवते, ती कारखान्यावर पोच झालेल्या उसाची असते. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३४० रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ होती. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तो सगळा खर्च एफआरपीतून वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याला देतो. तेव्हा २०२४ मध्ये टनाला जे नव्वद-पंचाण्णव रुपये वाढले, ते ना कारखान्याने दिले, ना शीतपेयाच्या कंपनीने. ते माझ्या बिलातून गेले. उद्या आणखी शंभर वाढले तर तेही माझ्याच बिलातून जातील. मजुराला न्याय मिळावा हे मला मान्य आहे, परंतु एका गरिबाच्या खिशातून काढून दुसऱ्याला द्यायचे आणि त्याला कंपनीची जबाबदारी म्हणायचे, हे पटत नाही.

याशिवाय बांधावरची वस्तुस्थिती अशी आहे की, टोळी फडात आली की खुशाली म्हणजे वरचे पैसे द्यावे लागतात, वाहनाच्या चालकालाही 'एंट्री' म्हणून पैसे द्यावे लागतात, आणि नाही दिली तर ऊस पंधरा दिवस उभा राहून वजनात मारला जातो. मुकादम उचल घेऊन आलेच नाहीत म्हणून ट्रॅक्टरच्या हप्त्यात बुडालेले वाहतूकदार माझ्या गावात आहेत. या लोकांचाही विचार करावा.

माळरान

कृष्णाकाठ, आपला मुद्दा या चर्चेच्या मुळाशी जाणारा आहे आणि मला तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटत नाही. तोडणी दराचा करार साखर संघ, कामगार संघटना आणि नेते यांच्यात होतो. त्या टेबलावर ना शेतकरी असतो, ना साखरेचा ग्राहक असतो. जो खर्च ग्राहकाने सोसायला हवा तो शेतकऱ्यावर ढकलला जातो आणि शेतकरी-मजूर समोरासमोर उभे राहतात. खुशालीचे मूळही त्यातच आहे असे मी म्हणेन. दर कमी, हंगाम मर्यादित आणि डोक्यावर उचल असल्यावर जिथे मिळेल तिथे वसूल करण्याची वृत्ती बळावते; ते योग्य आहे असे नाही, पण ते केवळ माजातून येते असेही नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी करतो: तोडणी दरातली पुढची वाढ एफआरपीतून वजा न होता साखर विकत घेणाऱ्या कंपनीच्या जादा भावातून यावी.

चिटबॉय

नाव मुद्दाम घेतले आहे, कारण शेतकी विभागात चिटबॉय म्हणून लागलो आणि त्याच विभागातून निवृत्त झालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की, कोणत्या फडात कोणती टोळी घालायची, कोणाची गाडी भरली, कोणाची राहिली याच्या चिठ्ठ्या आम्ही फाडत होतो.

परदेशी खरेदीदाराची पाहणी मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे. पाहणी येणार हे महिनाभर आधी कळत असे. कारखान्याजवळच्या मजुरांच्या एका तळावर पत्र्याची न्हाणीघरे उभी राहत, पाण्याची टाकी येई, प्रथमोपचार पेट्या वाटल्या जात, कोयत्याबरोबर हातमोजे आणि बूट दिले जात. हातमोजे घालून ऊस तोडता येत नाही, मूठ सरकते. त्यामुळे बायका ते गुंडाळून कोपीच्या (झोपडीच्या) आढ्याला अडकवून ठेवत आणि पाहणीच्या दिवशी काढत. लहान मुले त्या दिवशी तळावर दिसत नसत. पाहुणे तळ पाहत, इंग्रजीतल्या फलकाचे छायाचित्र घेत आणि जात. त्या एका तळाला दाखवायचा तळ म्हणत; बाकीचे तळ ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, जिथे जागा मिळेल तिथे असत, आणि तिथे कोपीला बांबू आणि चटई मिळाली तरी पुष्कळ असे.

काम करणाऱ्या बाईचा दिवस सांगतो, म्हणजे वर आलेल्या शस्त्रक्रियांच्या आकड्याचा अर्थ लागेल. पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक, अंधारात फडावर, पुरुष तोडतो तेव्हा ही पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. शौचाला आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीच्या दिवसांत बसली तर खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाचे पैसे जातातच आणि वर मुकादम दंड कापतो. अंगावरून जाण्याचा किंवा पोटदुखीचा त्रास घेऊन ती डॉक्टरकडे गेली आणि पिशवी (गर्भाशय) काढून टाक, कायमचे मोकळे होशील, असे त्याने सांगितले की ती तयार होते. त्या शस्त्रक्रियेचे पैसेही मुकादमाकडून उचलीतच येतात आणि पुढचा हंगाम त्यात बांधला जातो.

२०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, हे चांगले झाले. पण फडावरचा दिवस बदललेला नाही.

बालाघाट

मी केज तालुक्यात शिक्षक आहे. दिवाळीच्या सुटीनंतर वर्गात किती मुले परत येतील हे आम्हाला सप्टेंबरमध्येच कळते, कारण पोळ्यापासून मुकादम गावात फिरू लागतात आणि उचल कोणी घेतली हे गावात लपत नाही.

या भागासाठी काहीच झाले नाही असे मात्र नाही. नव्वदच्या दशकात 'जनार्थ'सारख्या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. नंतर सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आली, ज्यात मूल गावीच राहते आणि आई-वडील जातात. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत मुलांचे आणि मुलींचे एकेक याप्रमाणे ८२ संत भगवानबाबा वसतिगृहे मंजूर झाली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या प्रत्येक टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तितकीच भर सरकारने घालावी असे ठरले. राज्यात एखाद्या चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होते. म्हणजे कारखान्यांकडून शंभर कोटी आणि सरकारकडून शंभर कोटी. या दोनशे कोटींच्या तुलनेत कुठल्याही कंपनीचा शाळा रंगवण्याचा खर्च विचारातही घेण्यासारखा नाही.

माझा अनुभव असा की, वसतिगृहाचा प्रश्न इमारतीचा कमी आणि मुलीच्या वयाचा अधिक आहे. सातवी-आठवीतली मुलगी वसतिगृहात ठेवायला आई तयार नसते, बरोबर न्यावी तर तळावर ती सुरक्षित नाही, म्हणून तिचे लग्न लावून टाकतात. आणि लग्न झाले की नवरा-बायको मिळून नवा कोयता तयार होतो, त्यावर नवी उचल मिळते. बालविवाह रोखण्यासाठी कंपन्या जे पथनाट्य करवून घेतात ते पाहायला गावात गर्दी होते. पण ज्या घरात पन्नास-साठ हजारांची उचल फेडायची आहे तिथे पथनाट्याने निर्णय बदलत नाही. निवासी शाळेत अधीक्षिका कायम असेल, भिंत असेल आणि रात्री वीज असेल, तर मुली राहतात, हे मी पाहिले आहे.

एक कायदेशीर बाब नोंदवतो. स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचा होता. आमच्या गावातला जो कोयता बेळगाव भागातील कारखान्यावर गेला त्याला तो लागू होत होता, आणि जो कोल्हापूरला गेला त्याला नव्हता. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला असला, तरी आंतरराज्य ही अट तशीच आहे. ओळखपत्र तेवढे ग्रामसेवकामार्फत मिळते. ते मिळाल्यावर काय मिळते, हे विचारणाऱ्याला अजून समाधानकारक उत्तर देता येत नाही.

राइनकाठ

मी जर्मनीत एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या खरेदी विभागात काम करतो, त्यामुळे नाचणी यांनी केलेले खरेदी विभागाचे वर्णन वाचून ओळखीचे वाटले.

इथे १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. आधी तीन हजारांहून अधिक आणि २०२४ पासून हजाराहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडील बालमजुरी, वेठबिगारी अशा धोक्यांची तपासणी करणे बंधनकारक झाले. २०२४ मध्ये युरोपीय संघानेही तसा निर्देश काढला, परंतु उद्योगांच्या दबावाखाली २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलली गेली. या कायद्यांचा एक परिणाम मी रोज पाहतो: आम्ही पुरवठादाराला प्रश्नावली पाठवतो, तो सर्व रकान्यांत 'होय' लिहून परत पाठवतो, आणि आमची फाइल पूर्ण होते. चिटबॉय यांनी सांगितलेला दाखवायचा तळ कागदावरही असतो.

माळरान यांच्या जादा भावाच्या मागणीला मात्र एक प्रत्यक्ष उदाहरण आहे, ते कोकोचे. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. चॉकलेट कंपन्यांनी बालमजुरी हटवण्याचा करार २००१ मध्ये केला, त्यानंतर शाळा बांधल्या, प्रशिक्षणे घेतली, मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, आणि मुले मळ्यांतच राहिली. शेवटी २०१९ मध्ये या दोन देशांनी एकत्र येऊन सांगितले की, २०२०-२१ च्या हंगामापासून प्रत्येक टनामागे बाजारभावाहून ४०० डॉलर अधिक द्यावे लागतील. कंपन्यांनी ते मान्य केले, पण दर्जासाठी वेगळा जो जादा भाव मिळत असे तो काही खरेदीदारांनी कमी करून ही वाढ निष्प्रभ केली. तेव्हा जादा भाव मागताना तो दुसऱ्या वाटेने परत घेतला जाणार नाही, याची तजवीज आधी करावी लागते. दुसरे असे की, तिथे दोन सरकारे विक्रेत्याच्या बाजूने एकत्र होती. आपल्याकडे दोनशेच्या आसपास कारखाने एकमेकांशी स्पर्धा करत साखर विकतात.

कृष्णाकाठ

राइनकाठ यांनी लिहिलेले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आमच्या कारखान्याची साखर टेंडरने व्यापाऱ्याला जाते. पुढे ती हलवायाकडे गेली की बाटलीत गेली, हे कारखान्यालाही माहीत नसते. मग जादा भाव कोण कोणाला देणार?

नाचणी

कृष्णाकाठ, बहुतेक साखरेच्या बाबतीत आपले म्हणणे खरे आहे, पण शीतपेयांच्या बाबतीत तसे नाही. त्यांना नेहमीची एस-३० प्रतीची साखर चालत नाही. गंधकविरहित किंवा शुद्धीकृत साखर लागते, ती थोडेच कारखाने तयार करतात आणि त्यांच्याशी कंपन्यांचे थेट करार असतात. म्हणजे कोणत्या कारखान्यातून किती टन घेतले हे कंपनीला ठाऊक असते, आणि कोणत्या तालुक्यांतून टोळ्या आल्या हे त्या कारखान्याच्या शेतकी विभागाला. दोन याद्या शेजारी ठेवायच्या तेवढ्या बाकी आहेत.

ऊस आणि साखर शाश्वत पद्धतीने तयार केल्याचे 'बॉनसुक्रो' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेतलेले कारखानेही महाराष्ट्रात आहेत. माझा आग्रह एवढाच की, प्रमाणपत्र देताना कारखान्याच्या फाटकाच्या आतली तपासणी पुरेशी मानू नये. उत्तर प्रदेशात कोका-कोला, साखर उत्पादक डीसीएम श्रीराम, जागतिक बँक गटातील आयएफसी आणि सॉलिडारिडॅड ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून 'मीठा सोना' हा उपक्रम चालवला. त्यात शेतकऱ्यांना लागवडीच्या सुधारित पद्धती शिकवल्या आणि त्याचा उपयोग झाला. पण अशा उपक्रमात कंपनीचा कच्चा माल वाढतो, म्हणून पैसा सहज मिळतो. तोडणाऱ्या बाईला दोन महिने विश्रांती मिळाल्याने कंपनीची साखर वाढत नाही, म्हणून त्यासाठी प्रस्ताव ठेवला की 'याचा व्यवसायाशी संबंध काय' असे विचारले जाते. हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे.

मला व्यवहार्य वाटतो तो मार्ग असा: कंपनीने साखरेच्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम महामंडळाच्या दहा रुपयांच्या जोडीला जमा करावी, आणि ती कोणत्या तालुक्यात खर्च व्हावी हे त्या कारखान्याच्या टोळ्या कुठून आल्या यावरून ठरावे. भाव कारखान्याला दिला तर तो मधेच विरघळेल. थेट मजुराच्या खात्यावर देता आला तर उत्तमच, पण त्यात काय अडचण येते ते चिटबॉय यांनी सांगावे.

माळरान

हा मार्ग मला पटतो, फक्त एक अट जोडावी लागेल. यंत्राने तोडलेल्या उसालाही ती रक्कम लागू असावी. तोडणी यंत्रांना सरकारी अनुदान मिळते आणि त्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. मजूर कमी झाले म्हणून निधीही कमी झाला, असे झाले तर ज्या तालुक्यांचे काम गेले त्यांनाच नेमक्या वेळी हात आखडता घेतल्यासारखे होईल.

चिटबॉय

नाचणीताई, थेट खात्याचा प्रयत्न माझ्या नोकरीच्या काळात एका हंगामात झाला होता, म्हणून सांगतो. यादी मागवली तेव्हा मुकादमाने कोयत्यामागे पुरुषाचे एक खाते दिले. बायकांची खाती मागितली, तर निम्म्यांची नव्हती आणि ज्यांची होती त्यांची पासबुके मुकादमाकडे ठेवलेली होती, उचलीची हमी म्हणून. पैसे जमा झाले त्याच आठवड्यात टोळीच्या टोळी जवळच्या बाजारगावी जाऊन पैसे काढून मुकादमाच्या हाती देऊन आली, आणि त्याने ते उचलीत वळते केले. कारखान्याच्या कागदावर मात्र शंभर टक्के ऑनलाइन वाटप झाल्याची नोंद आहे.

तेव्हा पैसा थेट द्यायचाच असेल, तर तो हंगामात देऊ नये. जून-जुलैमध्ये, माणसे गावी असताना, पुढची उचल घ्यायच्या आधी, आणि बाईच्या नावावर द्यावा. त्या दोन महिन्यांत किराणा, बियाणे आणि मुलांची पुस्तके यांसाठी घरात पैसा नसतो म्हणूनच पोळ्याला उचल घेतली जाते. तेवढी गरज भागली तर काही जणी लहान उचल घेतील, आणि लहान उचल घेतलेला कोयता मार्चमध्ये ऊस संपला की थांबवून ठेवता येत नाही, हे मी पाहिलेले आहे. शेतकी विभागात टोळ्यांची यादी गावनिहाय असते. करारपत्राला ती जोडलेली असते आणि हंगाम संपला तरी वर्षभर सांभाळून ठेवावी लागते, कारण येणेबाकीचे दावे त्यावरच चालतात. कंपनीने मागितली तर ती एका दिवसात मिळेल. माझ्या काळात कोणी मागितली नव्हती.